वनमालाताई, पाणी तू स्वतःच घ्यायचीस

ताई, काल तुझ्या घरी आले. दोन वर्षांनी आले. तुझ्या घरापासून माझं घर किती लांब, तर मधे विहाराचं वळण आणि एक बोरिंग. पाच मिनिटांची वाट. मी समुद्रपूरला आठवड्यातून तीनदा एसटीनं जाते, वर्ध्याला महिन्यातून एकदा जाते, आणि तुझ्याकडे यायला मला तू जाण्याची वाट पाहावी लागली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. अंगणात मांडव होता, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया बसल्या होत्या, तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावायला माणसं ओळीनं सरकत होती. मीही लावली. मग भाषणं झाली. पंचायत समितीचे साहेब आले होते. 'कर्तृत्ववान', 'तळागाळातील', 'आधारवड' असं सगळं झालं. बोलता बोलता त्यांनी तुला दोनदा विमलताई म्हटलं. तू असतीस तर तोंडाला पदर लावून मला कोपरानं ढोसलं असतंस. मी सवयीनं बाजूला पाहिलंसुद्धा.

ऊन वाढलं तशी तुझी पंचशीला आली. पुलगावला दिलेली तुझी एकुलती एक लेक, आता किती तुझ्यासारखी दिसते. हाताला धरून मला आत घेऊन गेली. मी सतरंजीवर बसले आणि खोली पाहिली. तुझा दिवाण नव्हता. शिलाई मशीन नव्हती. ते लोखंडी कपाट, ज्याच्या आरशावर तू बचत गटाच्या बैठकीच्या तारखा चिटकवून ठेवायचीस, तेही नव्हतं. पाण्याचा पितळी गुंड तिवईवरून उतरवून जमिनीवर ठेवलेला. आणि खिडकीपाशी प्लॅस्टिकची एक खुर्ची, तिच्या पाठीला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं उशी बांधलेली.

"ही उशी कशाला गं?" मी विचारलं.

"आई तिथंच झोपे नं, मावशी. आडवी झाली का दम लागे तिले. मी आली का म्हणे, दमा हाये, औषध चालू हाये. आठ-नऊ महिने झाले असतील." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमाले माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. दर पंधरा दिवसांनी दीड तास मी तुझ्या बाजूच्या खुर्चीवर बसत होते, आणि तू रोज कशी झोपतेस हे मला माहीत नव्हतं. गटाच्या दहा बायांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. तुझ्याच मोहल्ल्यातल्या इंदूबाईला थोडा संशय होता, पण तिलाही तू दारातूनच वाटेला लावायचीस म्हणे. मी त्या खुर्चीकडे पाहत बसले. बसायची हिंमत झाली नाही.

लोकांना वाटतं मी तुझा उजवा हात होते, म्हणून मला रडू येतंय. येतंय, खरं आहे. पण मला ज्या गोष्टीचं रडू येतंय ती कोणाला सांगता येण्यासारखी नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तुलाही जिवंतपणी सांगितली नाही. तुला माहीत होती, हे मला काल कळलं.

पहिल्यापासून सांगते. तू माझ्याकडे आलीस तेव्हा माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. तुला गटाचं इतिवृत्त लिहायला कोणीतरी हवं होतं. आमच्या छपरीत उभी राहून तू सासूबाईंना म्हणालीस, "बारावी झालेली सून आहे तुमची, अक्षर मोत्यासारखं. पंधरा दिवसांतून एक दुपार द्या मले." सासूबाई हो म्हणाल्या, कारण त्याच वर्षी गटातून आमच्या ठिबकसाठी कर्ज मिळणार होतं. मला मात्र त्या एका दुपारसाठी चौदा दिवस काढता येऊ लागले. हे तुला मी एकदा सांगितलं होतं. तू म्हणालीस, "मंग चौदा दिवस काय करतं, झोपतं काय?" तुझ्यापुढे भावनेच्या भरात बोलायची सोय नव्हती.

आणि तुझी ती फिरती बैठक! दुसऱ्या गावचे गट समाजमंदिरात बसायचे, शाळेच्या ओट्यावर बसायचे. आपली बैठक दर वेळी वेगळ्या बाईच्या घरी. जिच्या घरी बैठक तिनं फक्त चटई अंथरायची आणि चूल पेटवायची. साखर-चायपत्ती प्रत्येकीनं आपापली कागदात बांधून आणायची, म्हणजे गरिबाच्या घराला भार नको. सगळ्यांच्या पुड्या एकाच पातेल्यात. आणि बैठक सुरू व्हायच्या आधी तू उठायचीस, म्हणायचीस, "बसा बसा, पाणी मी घेतो," आणि सरळ त्या बाईच्या सयपाकघरात जायचीस.

मला सुरुवातीला वाटलं, घरोबा दाखवायची तुझी तऱ्हा असेल. सात-आठ बैठकांनंतर माझ्या ध्यानात आलं. तू पाणी प्यायच्या निमित्तानं घर वाचून यायचीस. रुख्माबाईच्या घरी तुझं कोपर धान्याच्या कोठीला लागलं आणि कोठी टणकन वाजली. तू बाहेर येऊन गप बसलीस. हप्त्याचा विषय निघाला तेव्हा म्हणालीस, "रुख्माचा हप्ता दोन महिने पुढं." का ते सांगितलं नाहीस. मी चिडले, नियम काढून दाखवला. तू म्हणालीस, "कल्पना, कर्ज कागद पाहून देत नसते वो, कोठी पाहून देत असते." रुख्माबाईनं तेव्हा मान खाली घातली होती. तिसऱ्या महिन्यात तिनं स्वतःहून पैसे आणून दिले, आणि त्या दिवशी चहाला साखरेची पुडी तिची सगळ्यात मोठी होती.

सुनंदाच्या घरी गुंड असाच खाली ठेवलेला होता. तू विचारलंस, "गुंड खाली काऊन उतरवला?" ती म्हणाली, लेकराच्या हाताला यावा म्हणून. लेकरू दारात उभं होतं, बापाच्या खांद्याएवढं उंच झालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तू तिला वर्ध्याला घेऊन गेलीस. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. सरकारी योजनेचा अर्ज तू भरलास, सही शिकवलीस, ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर बसून राहिलीस. आज सुनंदा दोन गुंड डोक्यावर घेऊन चढ चढते. काल तुझ्या दारात तीच सगळ्यात मोठ्यानं रडत होती.

मी तुला सीआयडी म्हणायची. तू हसायचीस. पण मला ते खरंच आवडायचं नाही, ताई. कोणाच्या डब्यात डाळ किती आहे हे पाहणं मला बरं वाटायचं नाही. आपलं यावरून किती वेळा वाजलं! मी म्हणायची, बाईला जे सांगायचं ते ती सांगेल. तू म्हणायचीस, "ज्या बाईवर खरंच येते ते सांगत नाई. जे सांगते तिच्यावर अजून यायचं असते."

आणखी एक गोष्ट होती त्या फिरत्या बैठकीत, जी कोणत्याच अहवालात आली नाही. आपल्या गटात पारावरच्या मोहल्ल्यातल्या आम्ही सहा जणी आणि विहाराकडच्या तुम्ही पाच. पहिल्या वर्षी विहाराकडे बैठक असली की आमच्यातल्या दोघी-तिघींना हमखास उपास असायचा. चहाचा कप नुसता समोर ठेवून उठायच्या. तू म्हणायचीस, "बुधवारचे कोणते उपास निघाले वो हे नवे?" आणि कप उचलून स्वतः पिऊन टाकायचीस. हळूहळू उपास कमी झाले. एक दिवस इंदूबाईच्या घरी आमच्याकडच्या रुख्माबाईनं दुसऱ्यांदा कप पुढे केला. त्या दिवशी मला सोडायला येताना तू बोरिंगपाशी थांबलीस आणि मला म्हणालीस, "पाह्यलं? कर्ज तं ब्यांकबी देते." एवढंच. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आता माझ्या घराचं.

माझी पाळी मी नेहमी जुळवून घ्यायची. तूच एकदा म्हणालीस, कल्पनाचं घर बरं, नेहमी निवांत असते. निवांत असायचं, कारण सासूबाई हिंगणीला भावाकडे गेल्या की मगच मी माझ्या घरी बैठक ठेवायची. वर्षानुवर्षं जमलं. मग एकदा त्या दोन दिवस आधीच परत आल्या. तुम्ही सगळ्या छपरीत बसला होतात. सासूबाई आतल्या दारात पाटावर वाती वळत बसलेल्या. आणि तू उठलीस. "बसा बसा, पाणी मी घेतो."

मी तुला थांबवू शकले असते. 'ताई, मी आणते' एवढे तीन शब्द. माझ्या तोंडातून निघाले नाहीत. तू सासूबाईंच्या बाजूनं आत गेलीस, गुंडावरचं झाकण काढलंस, ओगराळ्यानं पेल्यात पाणी घेतलंस, प्यायलीस, आणि त्यांना म्हणालीस, "गोड हाये पाणी तुमच्या घरचं." त्या वाती वळत राहिल्या.

बैठक संपली, तुम्ही गेलात. सासूबाई उठल्या. आमचा तो भरलेला गुंड त्यांनी या वयात एकट्यानं उचलला, अंगणात आणला आणि उपडा केला. मग राखेनं घासायला बसल्या. मी दुसरी घागर घेतली आणि नवं पाणी भरायला बोरिंगकडे निघाले, आणि दारात तू उभी होतीस.

अंगणातलं पाणी वाहत तुझ्या चपलेपर्यंत आलं होतं. तू एकदा पाण्याकडे पाहिलंस, एकदा राखेच्या हातांकडे. माझ्याकडे पाहिलं नाहीस. म्हणालीस, "चष्मा राह्यला वो माहा." आत गेलीस, छपरीतून चष्मा घेतलास, निघून गेलीस. चालताना ओल्या चपलेचा आवाज येत होता.

मी पाणी भरून आणलं. ताई, मी ते पाणी भरून आणलं. गुंड घासणारे हात दुसऱ्याचे होते, पण तो परत भरला मी.

सासूबाई वाईट नाहीत. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता त्याला चव राहिली नाही. मला टायफॉईड झाला तेव्हा महिनाभर त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. पण हेही त्यांनीच केलं. त्या दिवशी मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "आईले आता या वयात मी काय शिकवू? तूच सांभाळून घे न." आमच्या घरात सगळं मीच सांभाळून घ्यायचं असतं.

मग मी सांभाळून घेतलं. कसं घेतलं ते तुला माहीत आहे. त्याच महिन्यात पंचायतीनं सभागृह बांधून दिलं होतं. मी बैठकीत ठराव मांडला की यापुढे सगळ्या बैठका सभागृहात घ्याव्यात. पंखा आहे, खुर्च्या आहेत, रजिस्टरला कपाट आहे, साहेब लोक आले तर बसवता येतं, बायांना घर आवरायचा त्रास नाही. मी चांगली बोलते, तूच शिकवलंस. तू म्हणालीस, "घरात गेल्याबिगर घर समजत नाई, कल्पना." तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "लोकांच्या चुलीत डोकावणं म्हणजे विकास नव्हे, ताई." बाया हसल्या. तूही हसलीस. त्या हसण्यानं मला जोर चढला. मी म्हणाले, हात वर करा.

माझ्यासकट पाच हात. अकरा जणींत पाच. मी हरत होते. आणि मग तू हात वर केलास. तुझ्यामागे इंदूबाईचा, मग विहाराकडचे सगळेच हात वर गेले. मला वाटलं, मी तुला पटवलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशी वादात जिंकले. घरी जाऊन मी शिरा केला होता, ताई. सगळ्यांना वाढला.

दोन वर्षं आपण पंख्याखाली बसलो. काम फार नीटनेटकं झालं. बाया इस्त्रीच्या साड्या नेसून यायला लागल्या. सभागृहात सगळ्यांचं बरंच चाललेलं असतं. कोणाची कोठी वाजत नाही, कोणाचा गुंड कुठं ठेवलाय हे दिसत नाही. चहा समोरच्या टपरीवरून कागदी कपात यायचा. त्याच दोन वर्षांत ती खाजगी कंपनी गावात शिरली. आपल्यातल्या तिघींनी गटाला न सांगता तिच्याकडून कर्ज घेतलं. सोमवारी त्यांचा वसुलीवाला यायचा आणि हप्ता मिळेपर्यंत दारात मोटारसायकल लावून बसायचा. मला कळलं तेव्हा मी नियमावर बोट ठेवलं. बाहेरचं कर्ज घेतलं की गटातून नाव कमी. तू मला एवढंच विचारलंस, "घरी जाऊन पाह्यलं काय त्यांच्या?" मी म्हणाले, आता ती पद्धत नाही.

नाव कमी केलं नाही, कारण तू अडून बसलीस. पण त्या वसुलीवाल्याला तू सांगितलंस की त्या तिघींच्या दारात बसू नको, माझ्या दारात ये. हे मला काल कळलं. दिवाण, कपाट, मशीन कुठं गेलं, तेही काल कळलं. ती मशीन म्हणजे तुझं स्वतःचं पहिलं कर्ज होतं. तू कधी पिकोचं काम सोडशील असं मला वाटलं नव्हतं. मधे एकदा तुला ब्लाऊज शिवायला दिला तर म्हणालीस, डोळ्याला दिसत नाही आता. मी म्हणाले, चष्मा बदल. असं बोलून मी पुढच्या विषयाकडे वळले.

शेवटच्या बैठकीला तू उशिरा आलीस. सभागृहाच्या तीन पायऱ्या. तू दुसऱ्या पायरीवर बसलीस, पदरानं वारा घेत. मी दारातून म्हणाले, "अध्यक्षच असे उशिरा आले तर बाकीच्यांना काय सांगू?" तू म्हणालीस, "हाव माय, चुकलं." उठलीस तेव्हा तुझ्या पायांत पुरुषांच्या चपला दिसल्या, मोठ्या, काळ्या. मला हसू आलं. मी म्हणाले, "हे काय, नवीन फॅशन?" तू म्हणालीस, "बाजारात याच भेटल्या. मस्त मोकळ्या हायेत." तुझे पाय सुजले होते, ताई. बाईच्या चपलेत मावत नव्हते. मी तुझे पाय पाहिले आणि मला चपला दिसल्या. तू दुसऱ्या कोणाच्या पायात त्या चपला पाहिल्या असत्यास, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत ती बाई बसलेली असती.

त्या शनिवारी दुपारी दवाखान्यात नेताना तू ऑटोतच गेलीस. समुद्रपूर यायला दोन वळणं बाकी होती. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप कधीचीच निकामी झाली होती, फुप्फुसात पाणी भरलं होतं. योजनेतून फुकट ऑपरेशन झालं असतं. त्याच योजनेतून, जिचे अर्ज तू गावातल्या चार बायांसाठी भरलेस.

मला तुझा रागही येतो. हे तुझ्या फोटोसमोर म्हणता आलं नाही, इथे म्हणते. तू काऊन नाही सांगितलंस? दुसऱ्यांच्या घरात शिरून न सांगितलेलं वाचणारी बाई स्वतःच्या दाराला कडी लावून बसली. सांगणाऱ्यावर अजून यायचं असते म्हणायचीस, मग स्वतःवर आलं तेव्हा तुला काय झालं? पण हा राग फार वेळ टिकत नाही. सांगायची गरजच पडू नये म्हणून तर तू ती बैठक घरोघरी फिरवत होतीस. अकरा घरं, पंधरा-पंधरा दिवस. दोन वर्षांत तुझ्या घरी चार वेळा आलो असतो. चार वेळा कोणीतरी म्हणालं असतं, पाणी मी घेते. निदान शेवटच्या वेळी तरी कोणीतरी गुंड पाहिला असता. इंदूबाईनं नाही तर सुनंदानं नक्कीच पाहिला असता.

आम्हाला तुझ्याकडे येण्यापासून थांबवलं कोणी, तर माझ्या ठरावानं. मी स्वतःला खूप वेळा समजावलं की ठराव सगळ्यांचा होता, तूही हात वर केला होतास. कालपर्यंत तेवढाच एक आधार होता मला.

काल जेवणं आटोपल्यावर पाहुणे गेले, मांडव सोडायला माणसं लागली. आपल्या गटाच्या बाया तुझ्या रिकाम्या खोलीत बसून राहिल्या. मी म्हणाले, निदान ताईला सभागृहाचं पटलं होतं, माझ्यावर तिचा राग नव्हता. मला कोणीतरी 'हो' म्हणायला हवं होतं. इंदूबाई माझ्याकडे वळली.

"पटलं नव्हतं वो तिले," ती म्हणाली. "हात वर कराच्या आधी आमच्या कानात सांगतलं, सगळ्याजणी माह्यासंगं हात वर करजा. मी म्हटलं, काऊन? तं म्हणे, त्या पोरीले त्या घरात नांदाचं हाये. आपल्यापायी तिच्या घरात रोजची कटकट नको."

मी भिंतीला टेकले. म्हणजे तू सगळं ओळखलं होतंस. अंगणातलं पाणी, राख, माझ्या हातातली घागर. रागावली नाहीस. भांडली नाहीस. पंधरा वर्षं जपलेली तुझी पद्धत तू एका हातानं सोडून दिलीस, आणि मला जिंकू दिलंस, म्हणजे मला कधी कळू नये. मला सांभाळून घेणारं माझ्या घरात कोणी नव्हतं, ते तू केलंस. असं नको करायला होतंस, ताई. माझ्याशी भांडायला हवं होतंस. माझ्यावर एवढा तरी विश्वास ठेवायचास, की मी कधी तरी त्या दारात आडवी उभी राहीन. मला तेवढ्याही लायकीची समजली नाहीस तू. आणि बरोबर समजलीस की चूक, हे मला कळत नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत कळत नव्हतं.

मी तोंड झाकून रडले. रुख्माबाईनं पाठीवर हात ठेवला. कोणी मला दोष दिला नाही, त्या तिघींनीही नाही, ज्यांची नावं मी कमी करायला निघाले होते. थोड्या वेळानं सुनंदा म्हणाली, "आता पहिल्यासारखं करू. घरोघरी बसू. ताई गेली, कोणाचं मरण असं कोपऱ्यात नको." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मनापासून हलवली, तुझी शपथ. मला वाटलं, एवढं तरी मी तुझ्यासाठी करू शकते.

मग कोणीतरी विचारलं, येत्या बुधवारी पहिली बैठक कोणाच्या घरी?

"कल्पनाच्या," इंदूबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला मला काहीतरी चांगलं द्यायचं होतं, असंच वाटलं. सगळ्या जणी माझ्याकडे वळल्या. पंचशीला दारात उभी होती, तीही ऐकत होती. सासूबाई घरी आहेत. हिंगणीचा भाऊ गेल्या वर्षी वारला, आता त्या कुठंच जात नाहीत. एक शब्द पुरला असता. मी तोंड उघडलं.

"घरी विचारून सांगते," मी म्हणाले.

इंदूबाईनं मान खाली घालून सतरंजीची सुरकुती सारखी केली.

"हाव," ती म्हणाली. "विचारजो."